आधी गावाला हिशोब द्या

वाशीम जिल्ह्याची गरिबी विकून माझे घर चालते. आमच्या क्षेत्रात असे बोलणे अडाणीपणाचे समजतात. तिथे पैसा मागण्याला ‘रिसोर्स मोबिलायझेशन’ म्हणतात आणि गावात जाऊन सतरंजीवर मांडी घालून बसण्याला ‘कम्युनिटी एंगेजमेंट’. व्हिजिटिंग कार्डावर दोन्ही शब्द शोभतात. काम मात्र सरळ आहे. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला, ज्याच्याकडे नाही त्याची गोष्ट सांगायची. पैसा आला की संस्था चालवायची, पगार काढायचे आणि गावाचे भले करायचे. पगार घेण्याची मला मुळीच लाज वाटत नाही. डॉक्टर आजारावर जगतो, वकील भांडणावर जगतो, मी टंचाईवर जगते. लाज वाटावी अशी गोष्ट दुसरीच आहे. ज्या गावाच्या नावावर आम्ही पैसा आणतो, त्या गावाला त्या पैशाचा हिशोब आम्ही देत नाही. देणगीदाराला पै न् पैचा देतो. गावाला फ्लेक्स देतो.

वाशीम हे नाव बाजारात कसे चालू लागले ते आधी सांगते. १ जुलै १९९८ ला हा जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा असे सहा तालुके. मोठा कारखाना नाही, शेती बहुतेक पावसाच्या भरवशावर, आणि घरातले लग्न यंदा की पुढच्या साली हे सोयाबीन-तुरीच्या भावावर. कालव्यांपेक्षा बिरुदेच जास्त मिळालेला हा जिल्हा. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, तेव्हा आम्ही ‘आत्महत्याग्रस्त’ होतो. त्या पॅकेजात शेतकऱ्यांना दुभत्या गायी वाटल्या. चारा कुठला, पाणी कुठले, दूध घालायचे कुठे, हे आधी कोणी विचारले नाही. माणसालाच पाण्यासाठी वणवण असलेल्या मुलखात संकरित गाय दारात येऊन उभी राहिली आणि कित्येकांनी ती मिळेल त्या किमतीला विकून सुटका करून घेतली. २००९ पासून आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या पैशातला ‘केम’ प्रकल्प आला. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जाचा ‘पोकरा’ आला. त्याच वर्षी नीती आयोगाच्या यादीत नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबादच्या पंगतीला बसून आम्ही ‘आकांक्षित’ झालो. ४९ निर्देशांक आणि दरमहा क्रमवारी.

हे शेवटचे बिरुद माझ्या धंद्याला फार मानवले. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ असे सांगते की वर्षाला ५ कोटी निव्वळ नफा, किंवा १,००० कोटी उलाढाल, किंवा ५०० कोटी नक्त मूल्य असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर (सीएसआर) खर्चावेत. १ एप्रिल २०१४ पासून ते लागू आहे. त्याच कलमात असेही आहे की कंपनी जिथे काम करते त्या परिसराला आधी पसंती द्यावी. म्हणजे जिथे कारखाना तिथे पैसा. आमच्याकडे कारखाने नाहीत, त्यामुळे हा पैसा आपल्या पायांनी वाशीमला येत नाही. तो मुंबई-पुण्याहून ओढून आणावा लागतो आणि ओढायला आमच्याकडे दोर एकच, आमचे दैन्य. ‘आकांक्षित’ असा शिक्का बसला आणि त्या दैन्याला सरकारी दाखला मिळाला. प्रत्येक सादरीकरणाच्या पहिल्याच पानावर मी तो लावते.

मग दैन्याचे फोटो लागतात. मानोरा तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर देणगीदार कंपनीचे पाहुणे यायचे होते. दिवस आश्विनाचे, सोयाबीन सोंगायला आलेले, आभाळ भरलेले. अशा वेळी एक दिवस वाया गेला तरी शेंगा फुटून दाणा मातीत जातो. पाहुण्यांच्या कार्यालयातून आधीच निरोप आला होता की महिला पारंपरिक वेशात असाव्यात आणि जमल्यास लोकनृत्यही ठेवावे. या तांड्यावरच्या बाया रोजच्याला साडीच नेसतात. फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, पेटीच्या तळाशी असते, ती लग्नकार्याला आणि होळीला बाहेर निघते. ती काढली गेली. होळीची लेंगी आश्विनात म्हटली गेली. पाहुणे खूश झाले, मोबाइल वर झाले, दोघी-तिघींनी बायांच्या हातात हात घालून फेर धरला. सगळे आटोपल्यावर एका म्हाताऱ्या याडीने, त्यांच्या बोलीत आईने, मला बाजूला घेतले आणि विचारले, “बाई, नाचनं-गानं झालं. आता आजची मजुरी कोन देईन, ते सांगा.”

अंदाजपत्रक मला पाठ होते. त्यात मंडप होता, फ्लेक्स होता, शाल-श्रीफळ होते, पाहुण्यांचे जेवण होते. मजुरी नव्हती. आमच्या नियमांत पुष्पगुच्छ हा कार्यक्रमखर्च ठरतो आणि बायांची बुडालेली मजुरी ‘लोकसहभाग’ ठरते. अहवालात शब्दही तसेच पडले: ‘महिलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’.

त्याच तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाची काशी. रामनवमीला देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे तिथे येतात, स्वतःच्या भाड्याने, स्वतःचा शिधा बांधून. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन केले, तेव्हा टीव्हीवाल्यांना ते गाव सापडले. समाजाला ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अशा समाजाला एकत्र कसे यायचे ते शिकवण्यासाठी आम्ही प्रशिक्षण घेतो आणि शेवटी प्रमाणपत्रही देतो.

आमच्या प्रस्तावांत गाव नेहमी हात पसरून उभे असते. प्रत्यक्षात गाव बारा महिने देत असते. मालेगाव तालुक्यातल्या डव्ह्याला रथसप्तमीच्या सुमारास नाथनंगे महाराजांची यात्रा भरते आणि हजारो माणसे महाप्रसादाला बसतात. तो स्वयंपाक कोणत्या सीएसआर समितीने मंजूर केला? गावोगावचे सप्ताह, भंडारे, गणपती, जयंत्या, देवळाचा कळस, शाळेच्या भिंतींचा रंग, हे सगळे पट्टीवर आणि वर्गणीवर चालते. आणि त्या वर्गणीचा हिशोब होतो. सप्ताह उठला की काल्याच्या कीर्तनानंतर कोणीतरी वही उघडून माइकसमोर उभा राहतो. कोणाचे किती पोते गहू, कोणाचा तेलाचा डबा, रोख किती जमली, मंडपवाल्याला किती दिले, कीर्तनकारांचे मानधन किती, शिल्लक किती. शंभर रुपयांचा मेळ लागला नाही तर जागच्या जागी गलका होतो. ज्याने पन्नास रुपये दिले तोही उभा राहून बोलतो आणि त्याला गप्प बसवायची कोणाची छाती होत नाही. त्याच गावात आम्ही लाखांचा प्रकल्प राबवतो. तिथे उभे राहून विचारणारा कोणी नाही, कारण आकडाच कोणाला माहीत नाही.

निधी गोळा करण्याची विद्या महाराष्ट्राला परक्यांनी शिकवलेली नाही. या क्षेत्रातला सर्वांत मोठा माणूस आमच्याच शेजारचा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा. आधी खराट्याने गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन, तेही श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे त्यांनी लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मडक्याच्या खापरात जेवले, जमलेल्या पैशातला छदाम अंगाला लावून घेतला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन ते मोकळे झाले. तिकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि घराघरातून मूठमूठ धान्य घेऊन मुष्टिफंड चालवला. त्याही आधी अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड जमवला आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला.

हे सगळे संत-महात्मे होते म्हणून त्यांना हार घालून आपण मोकळे होतो. मला त्यांचे संतपण मिरवायचे नाही, त्यांची पद्धत सांगायची आहे. मूठभर धान्य देणाऱ्या बाईला ते कुठे गेले हे ठाऊक होते, कारण तिच्यासारखीचाच पोरगा वसतिगृहात जेवत होता. देणारा आणि घेणारा एकाच मातीतले होते आणि हिशोब दोघांच्या डोळ्यांदेखत होत होता. आज देणारा बांद्र्यात बसतो, घेणारा मानोऱ्यात. मधे मी. दोघांची भेट वर्षातून एकदा, मंडपात, माझ्या देखरेखीखाली. अशा व्यवस्थेत मधला माणूस गब्बर होतो किंवा खोटारडा होतो. आम्ही गब्बर झालो नाही एवढेच आमच्या बाजूने म्हणता येईल.

आम्हाला हिशोब द्यावा लागत नाही असे मात्र नाही. कुणाकुणाला द्यावा लागतो ते मोजा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांना. करसवलतीच्या देणग्या घेतल्या तर त्यांची यादी भरून आयकर खात्याला. २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणीशिवाय संस्थेला कंपनीचा निधी मिळत नाही. पैसा मंजूर कामावरच गेला असा दाखला कंपनीच्या वित्त अधिकाऱ्याने संचालक मंडळाला द्यायचा. मोठ्या कंपनीचा एक कोटीचा किंवा त्याहून मोठा प्रकल्प असेल तर त्रयस्थाकडून परिणामांचे मूल्यमापन. विदेशी देणगी असेल तर ती आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या एकाच शाखेत जमा व्हायची आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवायचा. दिल्ली झाली, मुंबई झाली, संचालक मंडळ झाले. ग्रामसभेपुढे हिशोब ठेवा, असे यातल्या एकाही नियमात नाही.

रोजगार हमीची गोष्ट आठवा. २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या १७ व्या कलमाने ग्रामसभेला कामांचे सामाजिक अंकेक्षण करण्याचा हक्क दिला. तो किती गावांत खरोखर बजावला गेला हा वाद घाला, पण निदान कायद्याने मान्य केले की पांदण रस्त्यावर माती टाकणाऱ्या मजुराला हजेरीपट वाचून दाखवला पाहिजे. सरकारी पैशातल्या मातीचा हिशोब गावाने मागावा आणि कंपनीच्या पैशातल्या सौरदिव्यांचा मागू नये, याला काय न्याय म्हणायचा? दान दिलेल्या गायीचे दात मोजू नयेत, असे आम्हाला वाटते. पण हे दान नव्हेच. कायद्याने खर्चायला लावलेला पैसा आहे आणि तो त्या गावाचे नाव सांगून मिळवलेला आहे.

हिशोब न दिल्याने काय होते ते गावोगाव उभे आहे. ग्रामपंचायतीच्या बाजूला पत्र्याच्या खोलीत शुद्ध पाण्याचे यंत्र, दारावर पाहुण्यांच्या नावाचा संगमरवरी दगड, नाणे टाकायच्या फटीत कोळ्याचे जाळे. मोटर जळली तेव्हा कोणाला बोलवायचे हे सरपंचाला ठाऊक नव्हते. वॉरंटीचा कागद संस्थेच्या कपाटात, देखभालीचा करार कंपनीच्या फायलीत आणि फलकावरचा फोन नंबर बंद. शाळेत डिजिटल वर्ग देतात. टीव्ही नवा कोरा, पण शाळेचे वीजबिल थकलेले. वीजबिल भरायला दाता मिळत नाही, कारण वीजबिलावर नाव रंगवता येत नाही. यंत्राची किंमत किती, त्यातले देखभालीला किती राखले, हे पहिल्याच दिवशी चार माणसांसमोर वाचले असते तर त्यातल्या एकाने तरी विचारले असते की बिघडल्यावर काय. गावातला माणूस मोटरपंप घेताना हा प्रश्न विचारल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नाही.

लोकवर्गणीचेही असेच वाटोळे केले. स्वजलधारा, जलस्वराज्य, आता जलजीवन. गावाने साधारण दहा टक्के वाटा उचलावा हे तत्त्व चांगले होते. ज्याचा पैसा त्याचा हक्क. पण ती वर्गणी ठेकेदारानेच परस्पर भरल्याच्या तक्रारी महाराष्ट्रभर झाल्या. ज्याने वर्गणी भरली त्याची योजना झाली. मग नळाला पाणी आले नाही म्हणून गावाने कोणत्या तोंडाने भांडायचे?

आता आमच्या क्षेत्रातल्या सगळ्यात गोड थापेकडे येते: ‘तुमच्या शंभर रुपयांतले शंभर रुपये थेट गरजूपर्यंत पोचतात.’ पोचवतो कोण? सीएसआरच्या नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. बोलणी करताना मात्र ती संस्थेच्या गळ्यात बांधली जाते आणि संस्था ती गुपचूप सर्वांत खालच्या माणसाच्या गळ्यात बांधते. तो सर्वांत खालचा माणूस म्हणजे समाजकार्याची पदवी घेतलेली रिसोड तालुक्यातली एखादी पोरगी. कोणत्या घरात दारू आहे, कोणती सून माहेरी निघून गेली, कोणाचे पोर कुपोषित आहे, हे तिला तोंडपाठ. तिला मानधन, तेही दोन-दोन महिने उशिरा. गाडी तिच्या भावाची, पेट्रोल तिच्या पदरचे, करार अकरा महिन्यांचा. मार्चअखेर प्रकल्प संपला की ती घरी, नवा मंजूर झाला की पुन्हा बोलावणे. तिच्या ओळखीच्या जोरावर बचत गटाच्या बाया जमतात, त्या बायांच्या जोरावर फोटो निघतो, त्या फोटोच्या जोरावर पुढचा निधी येतो. आणि तो निधी आणणाऱ्या पदाची जाहिरात निघते तेव्हा अट असते: उत्तम इंग्रजी, ग्रामीण भागाची आवड, नेमणूक पुणे. ग्रामीण भागाची ‘आवड’ हवी, ग्रामीण भागातला माणूस नको.

माझ्या या बोलण्यावर सहकाऱ्यांचे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला, गावात राजकारण असते, आकडा सांगितला की दोन गट पडतात. पडू द्या. गट आधीच आहेत आणि आमचे यंत्र कोणत्या गटाच्या जागेत बसले यावर ते आधीच भांडताहेत. आज अफवेवर भांडतात, उद्या आकड्यावर भांडतील, ही प्रगतीच आहे. दुसरा, लोकांना अंदाजपत्रक समजत नाही. बियाणे, खत, फवारणी, मजुरी, अडत, हमाली, मापाई यांची तोंडी बेरीज करून क्विंटलमागे किती सुटले ते सांगणाऱ्या माणसाला अंदाजपत्रक समजत नाही? त्याला आमचे इंग्रजी समजत नाही, आणि ते समजू नये अशीच सोय केलेली आहे. करार इंग्रजीत, अहवाल इंग्रजीत, मराठीत फक्त आभाराचा फलक. तिसरा आक्षेप, देणगीदाराला आवडणार नाही. हा एकटाच खरा आहे. म्हणूनच पहिले दोन रचावे लागतात.

आणि एक आक्षेप बाहेरून येतो: मग हे क्षेत्रच बंद करा, सगळे चोर आहेत. मुळीच नाही. अशा कामांतून बांधबंदिस्ती झालेली मी पाहिली आहे, गाळ काढलेल्या तलावात मार्चपर्यंत टिकलेले पाणी पाहिले आहे, शाळा सोडलेल्या मुली पुन्हा वर्गात बसलेल्या पाहिल्या आहेत. सरकार जिथे पोचत नाही तिथे कोणीतरी पोचले पाहिजे आणि पोचणाऱ्याला पोटाला पगार मिळाला पाहिजे. पण पगार मिळतो म्हणून मालकी मिळत नाही.

करायचे काय, हे अवघड नाही. प्रकल्प मंजूर झाला की त्याचे अंदाजपत्रक मराठीत, दोन पानांत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. त्यात आमचे पगारही लिहा. कमी आहेत की जास्त ते गाव ठरवील. महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते. त्यातल्या एका सभेत झालेला खर्च वाचून दाखवा आणि प्रश्नांसकट त्याची नोंद इतिवृत्तात होऊ द्या. कार्यक्रमासाठी मजूर बाई बसवली तर तिची मजुरी द्या, नाहीतर कार्यक्रम रात्री ठेवा. देणगीदारांनी संस्थेला लेखापरीक्षणाचा अहवाल मागावाच, पण सोबत ग्रामसभेच्या इतिवृत्ताची प्रतही मागावी. एवढे एक कलम करारात घातले तर निम्मी नाटके बंद पडतील. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, फक्त लपवायचे काही नाही अशी खात्री लागते.

हे आम्ही आपणहून करू, या भ्रमात कोणी राहू नये. पंचवीस वर्षांत केले नाही, पुढेही करणार नाही. म्हणून शेवटचे चार शब्द वाशीमच्या सहा तालुक्यांतल्या सरपंचांना, बचत गटांच्या अध्यक्षांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना. आमची गाडी गावात आली की चहा जरूर पाजा. मग तीन प्रश्न विचारा. आमच्या गावाच्या नावावर एकूण किती रुपये आले? त्यातले कशावर किती जाणार? तुम्ही निघून गेल्यावर बिघडले तर दुरुस्ती कोण करणार आणि त्याचे पैसे कुठे ठेवले आहेत? उत्तरे तोंडी घेऊ नका, सही-शिक्क्यासह लेखी घ्या. ती मिळेपर्यंत एकाही बाईला मंडपात बसवू नका आणि एकही फोटो काढू देऊ नका. आम्ही दोन दिवसांत सगळे लिहून आणून देऊ, कारण फोटोशिवाय आमचा पुढचा हप्ता निघत नाही.